उरलेली दहा मिनिटं

“कीर्तनातून परतताना काय गुणगुणत होता रे माझा सुदाम?” भागीरथीबाईंनी तुरुंगाच्या जाळीतून विचारलं.

ते फक्त रंगनाथलाच ठाऊक होतं. दारू पिऊन त्यानेच सुदामला गाडीखाली घेतलं होतं, आणि कायद्याप्रमाणे सुदामच्या स्मृतीतली शेवटची दहा मिनिटं रंगनाथच्या डोक्यात भरली होती. सात वर्षं ती रोज सकाळी उमटायची. उद्या शिक्षा संपत होती. डॉक्टर ती दहा मिनिटं पुसणार होते.

रंगनाथने अभंगाची चाल गुणगुणली आणि मध्येच थांबला.

“पुढं?”

“पुढं माझी गाडी येते, मावशी.”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. “पुसू नकोस रे बाबा. तेवढंच उरलंय माझं लेकरू.”

सात वर्षं तो उद्याचीच वाट पाहत होता. त्याने पुसण्याच्या संमतीचा कागद सही न करताच दुमडून ठेवला आणि चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.