रिकाम्या खोलीची नोंद

शनिवारी सकाळी हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या घरात मी बाबांना म्हणाले, "माझ्यासोबत तुम्हीही हृदय तपासून घ्या. ठोक्यांचा दोष घराण्यात उतरतो. काका बेचाळिसाव्या वर्षी गेले, आत्या अडतिसाव्या."

चहात उस्मानिया बिस्किट बुडवत ते हसले. "आपल्याकडे झोपेतच जातात, रेणू. पुण्यवान माणसं."

रविवारी ते उठलेच नाहीत. तेराव्याला जो तो 'पुण्यवान' म्हणत होता आणि मी दात आवळून जिलबी वाढत होते.

महिन्याने एकटीच तपासणीला गेले. हृदयाचं चुंबकीय क्षेत्र टिपणारं ते यंत्र अंगाला शिवतही नाही. आधी रुग्णाला बाहेर थांबवून बंद खोलीची रिकामी नोंद घेतात. पडद्यावर सरळ रेघ यायला हवी.

रेघ धडधडू लागली.

"मॅडम, अंदर कोई है क्या?" यंत्र चालवणाऱ्या नसरीनने विचारलं.

कॅमेऱ्यात खाट रिकामी होती. चार ठोके, मग लांब थांबा. पुन्हा चार ठोके. लहानपणी बाबांच्या छातीवर डोकं ठेवून मी हेच ऐकत झोपायचे.

मी आतल्या खोलीत बोलायचा माइक ओढला.

"बाबा, ते पुण्य नव्हतं. आजार होता, आणि तुम्हाला माहीत होतं. उठा आता त्या खाटेवरून. मला झोपायचंय."