जुनी सुई

आमच्या बेटावरच्या इस्पितळात डॉक्टर रॉमेल सलाईनची नव्या तऱ्हेची सुई पेशंटांवर पारखत होता; त्यांत मीही दाखल होते. माझ्या ज्या हाताला आमच्या रीतीनं कपाळ टेकवून त्यानं माझी नर्स लेक मागितली आणि पुढं दुसरीपायी लग्न मोडलं, त्याच हातात त्यानं ती खुपसली. हात सुजून भोपळा झाला.

"नव्याची सवय होते, नानाय," म्हणाला मेला; अजून मला आईच म्हणायचा.

पुढच्याच आठवड्यात डेंग्यूनं त्याला माझ्या शेजारच्या खाटेवर आणून टाकलं. माझी लेक परली नवी सुई घेऊन आली, तसा तो कण्हला, "ही नको गं. जुनीच बरी होती."

"जुनी टाकलीस तेव्हा नाही कळलं?" मी म्हटलं. "परली, टोच. नव्याची सवय होते त्याला."