शेजारची सीट

"अहो, पुढच्या चौकात डावीकडे," ती म्हणाली आणि हात मात्र उजवीकडे केला.

काटेवाल्यांनी नेहमीप्रमाणे हाताचं ऐकलं. टॅबवरची लाल गाडी उजवीकडे वळली, कठडा तोडून तळ्यात गेली. पडद्यावर बुडबुडे आले. दुपारपासूनची ही तिसरी जलसमाधी.

"मी डावीकडे म्हटलं होतं."

"तुझं तोंड केव्हा खरं होतं? तुझा हात खरा."

गावोगाव वजनकाटे विकत त्यांनी उभा जन्म स्टिअरिंगमागे काढला, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, मागोमाग गाडीही विकली गेली, आणि हा पायाला भिंगरी असलेला माणूस खुर्चीला जो चिकटला तो चिकटलाच. मुलीने टॅबवर हा गाडीचा गेम घालून दिला. "बाबा, याला लायसन्स लागत नाही," असं म्हणाली. हसतील असं बिचारीला वाटलं होतं.

आज नातीचा वाढदिवस. मुलीचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. टॅक्सी सांगून ठेवलेली होती आणि काटेवाल्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं, "दुसऱ्याच्या गाडीत गाठोड्यासारखा बसून मी येणार नाही. तू जाऊन ये." मुलीकडे जायच्या मागच्या दोन्ही वेळांना हेच झालं होतं. आज मात्र मुलगी फोनवर रडली. म्हणून बायकोने ही युक्ती काढली. आपल्या फोनवर मुलीच्या घरचा रस्ता उघडला आणि म्हणाली, "तुम्ही गेममध्ये गाडी चालवा, मी रस्ता सांगते. बघू पोचतो का." फोनमधल्या नकाशाचा आणि गेममधल्या शहराचा काडीचा संबंध नव्हता. पण निदान माणूस खुर्चीत ताठ बसला होता.

"त्यापेक्षा तुझ्या फोनमधली ती बाई बरी," पाण्याबाहेर आलेली गाडी पुन्हा रस्त्याला लावत काटेवाले म्हणाले. "वळण चुकलं तरी गुमान नवा रस्ता सांगते. आवाज म्हणून चढत नाही."

"मग तिलाच घ्यायचं होतं शेजारी."

"घेतलं होतं की. शेवटी शेवटी तीच सांगायची रस्ता. तू आपली डुलक्या काढायचीस." त्यांनी गाडी एका वळणावरून काढली. "पण मजा नाही आली. चुकलो तरी कुणी चिडायचं नाही. मग चुकल्यासारखंच वाटायचं नाही."

ती हसली. तिला मांडीवरचा तो नकाशा आठवला, घड्यांवर फाटलेला, एकदा उघडला की पुन्हा म्हणून कधी नीट न मिटलेला. तो उलटा धरून तिने एकदा त्यांना एका अर्धवट बांधलेल्या पुलावर नेऊन उभं केलं होतं. पुढे रस्ताच नव्हता. आधी दोघं कडाकडा भांडली, मग थर्मासमधला चहा प्यायली, आणि सूर्य बुडेपर्यंत पुलाच्या टोकाला पाय सोडून बसली. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्या संध्याकाळची आठवण आली की तिला अजून भरून यायचं.

"पूल आठवतो?" तिने विचारलं.

"न आठवायला काय झालं?" काटेवाल्यांनी पडद्याचा कुठलासा कोपरा दाबला. गाडी आतून दिसायला लागली. ते बराच वेळ बघत राहिले. "हे बघ. स्टिअरिंग आहे, आरसा आहे, घड्याळसुद्धा चालतंय. पण शेजारची सीटच नाही. नुसतं काळं."

तिने फोन पालथा ठेवला.

"अहो, मी जन्मभर त्याच सीटवर बसले. माझ्या हातात ना स्टिअरिंग, ना पायाखाली ब्रेक. तुम्ही न्याल तिकडे. मी काय गाठोडं होते?"

काटेवाल्यांनी मान वर केली. गेममधली गाडी आपली आपण दुभाजकाला जाऊन धडकली, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"गाठोडं कसलं," ते पुटपुटले. "तू होतीस म्हणून तर..." पुढचं त्यांना जमलं नाही. अशी वाक्यं पुरी करायची त्यांना सवय नव्हती.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ती उठली, आत जाऊन नातीसाठी आणलेला बाहुलीचा खोका घेतला आणि साडी सारखी केली. पुन्हा "चला" म्हणायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. एकटीने जायची तयारी मनाशी करूनच ती बाहेर आली. तर काटेवाले दाराशी. पायात बूट, केस विंचरलेले.

"चल, उशीर होतोय," असं वर तेच म्हणाले.

टॅक्सीवाल्या पोराने अदबीने पुढचं दार उघडलं. "काका, पुढे बसा. पाय मोकळे राहतील."

काटेवाले पुढच्या सीटसमोर क्षणभर थांबले. मग मागचं दार उघडून तिच्या शेजारी येऊन बसले.

गाडी निघाली. समोर अडकवलेल्या फोनमधली बाई वळणं सांगत होती आणि पोरगं मुकाट्याने ऐकत होतं. प्रत्येक सिग्नलला काटेवाल्यांचा उजवा पाय खालची चटई दाबत होता. तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. पूल ओलांडला, बाजारपेठ मागे पडली, आणि केव्हातरी तो पाय थांबला.

ती खिडकीबाहेर बघत होती. काहीतरी जाणवलं म्हणून तिने मान वळवली. काटेवाले तिच्याकडे बघत होते. टक लावून, सावकाश, कुठलीच घाई नसल्यासारखे.

"समोर बघा," ती इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाली.

"तो बघतोय ना," त्यांनी हनुवटीनेच टॅक्सीवाल्याकडे दाखवलं, आणि तिच्याकडेच बघत राहिले.