दुसरा भोंगा

पॅकिंग हॉलमधली घड्याळं पुन्हा दहा मिनिटं पुढे गेली. संपदाने कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, आत्ता तुमच्यासमोर बरोबर लावली ना मी?"

"लावलीस की," श्यामराव म्हणाले.

परदेशातल्या, टाकानिनीतल्या त्या पावाच्या कारखान्यात शनिवारचा शुकशुकाट होता. बापलेक खरं तर सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून चकलीची भाजणी आणायला निघाली होती. वाटेत "पाचच मिनिटं हं" म्हणून संपदा इथे थांबली, त्याला दोन तास होऊन गेले होते. भारतातून लेकीकडे आलेल्या श्यामरावांची काही तक्रार नव्हती. एवढ्या मोठ्या कारखान्याचं नेटवर्क आपली लेक एकटी सांभाळते, हे त्यांना आजवर फोनवरच ऐकायला मिळालं होतं. आता ते खुर्ची ओढून ऐटीत बसले होते, जणू कारखाना त्यांच्याच मालकीचा आहे.

संपदाने त्यांना समजावलेला घोळ असा होता. ऑफिसातला एक सर्व्हर दर मिनिटाला सगळ्या नेटवर्कवर वेळ पुकारायचा. भिंतीवरची घड्याळं आणि पावाच्या पिशव्यांवर वेळ छापणारी मशीनं तो पुकारा ऐकून आपापली वेळ लावून घ्यायची. गेले पंधरा दिवस या हॉलमधली घड्याळं चुकत होती. सर्व्हर तपासला तर ठणठणीत. मग दोष नव्या वायरिंगचाच, असा रिपोर्ट संपदाने बुधवारी देऊन टाकला. वायरिंग केलं होतं सिओने नावाच्या, टोंगा बेटांवरून आलेल्या इलेक्ट्रिशियनने. सोमवारपासून त्याचं काम बंद होणार होतं. त्याच सोमवारी संपदाला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळणार होतं, आणि त्या पत्रावर तिची रेसिडेन्सी, म्हणजे या देशात कायम राहण्याची परवानगी, अवलंबून होती. काल सगळ्या वायरी बदलून झाल्या. तरी घड्याळं आपली पुढेच.

"अगं, हा तर आमचा भोंगाच की!" श्यामराव म्हणाले.

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं साखळी ओढून भोंगा वाजवला होता. त्या भोंग्यावर सात गावं घड्याळं लावायची. छत्तीस वर्षांत तो एकदाच अर्धा तास आधी वाजला, तोही त्यांचा जोडीदार बाळ जाधव याच्या हातून. त्यात बाळची नोकरी गेली. ही हकिगत संपदाने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. गंमत म्हणजे या भोंगावाल्याच्या स्वतःच्या घरातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. तो त्यांच्या पत्नीचा, आशालताबाईंचा हट्ट. कुणाला कुठे जायला उशीर झालेला त्यांना खपायचा नाही.

"भोंगा कसा का असेना, बाबा, मी चेक केलाय तो."

"भोंगा बरोबर असेल गं. पण गाव काय करतं? कानावर पडेल ते ऐकतं. कोण वाजवतोय ते विचारत नाही. आपल्याकडे सूतगिरणी निघाली, तिनंही भोंगा बसवला, तर नदीपलीकडची माणसं त्याच्यावर घड्याळं लावायला लागली. इथं दुसरा भोंगा नाही ना कुठं?"

संपदा लगेच कीबोर्डकडे वळली. तिने नेटवर्कवरचे निरोप पकडून स्क्रीनवर मांडले. मिनिटाला एक नव्हे, दोन पुकारे येत होते. दुसऱ्या पुकाऱ्याचा पत्ता बघून ती उठली आणि हॉलच्या टोकाचं लोखंडी कपाट तिने उघडलं.

आत वायर जोडलेला एक जाडजूड जुना लॅपटॉप चालू होता. झाकणावर गणपतीचं स्टिकर. श्यामरावांनी तो लगेच ओळखला. संपदा पुण्याला कॉलेजात असताना त्यांनीच तो तिला घेऊन दिला होता.

"वेळेचा सर्व्हर कसा लावायचा, त्याची प्रॅक्टिस यावर केली होती मी," संपदा हळूच म्हणाली. "मग पंधरा दिवसांपूर्वी नोंदी ठेवायला इथे, या हॉलपुरता जोडला. पुकारा बंद करायचा राहूनच गेला. आणि याचं घड्याळ..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. आईची सवय लेकीने उचलली होती.

श्यामरावांनी दाराकडे पाहिलं. हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

"वायर काढ," ते घाईने म्हणाले. "घड्याळं लागतील. कोण विचारतंय? आधी पत्र हातात पडू दे."

"आणि सिओने?"

"त्याला मिळेल की दुसरीकडे काम."

संपदाने वायर काढली. भिंतीवरची घड्याळं एकेक करून ताळ्यावर आली. श्यामरावांना हायसं वाटलं. तेवढ्यात तिने मोबाइलची बटणं दाबून तिच्या साहेबाला, ट्रेवरला फोन लावला. सिओनेचं वायरिंग ठीक आहे, घोळ माझ्या लॅपटॉपने केला, माझा रिपोर्ट चुकीचा आहे, असं तिने इंग्रजीत एका दमात सांगून टाकलं.

"सिओनेला मी आत्ताच कळवतो," ट्रेवर म्हणाला. "तुझं सोमवारी बघू." पत्राबद्दल अवाक्षर नाही.

संपदाने फोन ठेवला. श्यामरावांचा ऊर अभिमानाने भरून आला. आजवर भोंग्याचासुद्धा त्यांना एवढा अभिमान वाटला नव्हता.

"चिडलात का, बाबा? तुमचं ऐकलं नाही मी."

"नाही गं. तुला जमलं ते." ते घड्याळांकडे बघत राहिले. "भोंगा अर्धा तास आधी वाजला, त्या दिवशी साखळी बाळच्या नाही, माझ्या हातात होती."