पहिला धोबी

सप्टेंबरात पाहुणा म्हणून येणारा पहिला धोबी पक्षी केदारखेड्याच्या तलावावर कुणाला दिसतो, यावर पक्षीमित्रांच्या ग्रुपात दरवर्षी चुरस लागायची. मान दरवर्षी इजहारलाच मिळायचा आणि गजाननच्या पोटात दुखायचं.

यंदा त्यानं अंथरुणातूनच धोब्याचा गेल्या वर्षीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आज सकाळी, सव्वासहा.'

अभिनंदनाची रीघ लागली. मग इजहारचा फोन आला.

"मुबारक, गजाननभाऊ! मी बी तलावावरच हाय. तुम्ही दगडापाशी बसलेले दिसून राह्यले. हाका मारल्या, पण वळून पाहिलं न्हाई."

जळतोय मेला, म्हणून गजानन हसला. "मंग काढ की माझा फोटो."

फोटो आला. दगडावर धोबी होता. शेजारी पाठमोरा माणूस होता, अंगात निळा शर्ट. तो शर्ट गजानननं गेल्या दिवाळीतच बोहारणीला दिला होता.

पाठोपाठ मेसेज आला. 'उठले. घराकडं निघाले.'

थोड्या वेळानं फाटक वाजलं. अंगणात रांगोळी घालणारी त्याची बायको शरयू म्हणाली, "अगं बाई, कधी गेल्ता तुम्ही? दिसला का धोबी?"

इतक्या कौतुकानं ती गजाननशी कधीच बोलली नव्हती. पांघरुणात त्याचा जळफळाट झाला.

बाहेरून त्याचाच आवाज आला, "दिसला ना. पहिला मीच."