एकच ग्लास

नळ ओढला की नुसता फेस. बिअर तळाशी बोटभर, वर सगळं पांढरं. नॉर्बर्टने तोही ग्लास सिंकमध्ये ओतला आणि तळघरातल्या फ्रिजचं दार पुन्हा उघडलं. आत बिअरचं पिंप, शेजारी गॅसचा सिलिंडर, माथ्यावर नळ. सगळं त्याने स्वतः जोडलेलं आणि बिअरही त्याच्याच हातची. मिल्वॉकी म्हणजे बिअरचंच गाव, इथे निम्म्या तळघरांत असा नळ असतो, पण असं छळणारा नळ फक्त आपल्याच नशिबी, असं त्याला वाटत होतं. गॅस कमी करून झाला, वाढवून झाला, नळी बदलून झाली. सकाळपासून बूड टेकून बसला नव्हता.

"अहो, भाऊ येतोय तुमचा, बिशप नाही," डोलोरेस जिन्यावरून म्हणाली. शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून वर ती मासे तळत होती.

"एकच ग्लास घेणार म्हणालाय. तो तरी धड नको?"

बाबांचा बार नॉर्बर्टने विकून टाकला, तेव्हापासून थोरल्या एल्रॉयने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आज येतो म्हणाला, तेही बिअर चाखायची म्हणून. ती पिऊन झाली की जाणार, आणि एकदा गेला की परत कशाला येतोय?

एल्रॉय आला तो कोट न काढताच खाली उतरला. बस म्हटलं तर बसला नाही. नॉर्बर्टने ग्लास तिरका धरला आणि नळ जपून, अगदी हळू उघडला. पुन्हा फेस.

"दाढी करायला बोलावलंस होय मला?" एल्रॉय म्हणाला.

"गॅसचं काहीतरी बिघडलंय रे."

"गॅसला काय धाड भरलीय? हात बघ तुझा. भीत भीत अर्धा उघडलास की फेसच येणार. ह्याच्यापायी बाबांच्या टपल्या कमी खाल्ल्यास का?"

नॉर्बर्टचे कान तापले. जन्म बारच्या काउंटरमागे गेला आणि हे विसरावं? त्याने नळ एकदम पूर्ण ओढला. बिअर सरळ, सोनेरी उतरली. वर दोन बोटं फेस, बाबा ठेवायचे तेवढाच.

एल्रॉयने ती उभ्या उभ्याच संपवली. मिशी पुसली.

"जमलीय," म्हणाला. ग्लास ठेवला आणि जिन्याकडे वळला.

झालं? एवढंच? नॉर्बर्टला इतक्या दिवसांचं किती बोलायचं होतं.

"थांब, आणखी एक घे," एवढंच तो म्हणाला. ग्लास नळाखाली धरला आणि नळ अर्धाच उघडला. फेस काठोकाठ चढला आणि बोटांवरून ओघळायला लागला, तरी त्याने नळ पुढे ओढला नाही.

एल्रॉय पायरीवर थांबला. त्याने ग्लासाकडे पाहिलं, मग नळावरच्या त्या हाताकडे.

"आत्ताच सांगितलं ना तुला?"

"विसरलो."

एल्रॉय खाली उतरला. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसला.

"हा फेस विरायला तासभर तरी लागेल," तो म्हणाला.