झिजलेला कार्बन

वादळात दुकानाची शेड कोसळली आणि लोखंडी अँगलखाली इस्माईलचे पाय अडकले. बाजूची भिंत त्याच्यावर कलत चालली होती. त्याची बायको शमीम ग्राइंडरने अँगल कापत होती. अर्ध्यावर मशीन अडखळलं, आत भगभगत्या ठिणग्या उडाल्या आणि ते बंद पडलं.

"मोटर जळली?" त्याने घाबरून विचारलं.

दुकानात मशीन दुरुस्त करायची ती शमीमच. तिने ग्राइंडरवर चापट मारली, तसं ते क्षणभर फिरलं. म्हणजे मोटर शाबूत होती. प्लग काढून तिने बाजूचं झाकण उघडलं. मोटरला वीज पोचवणारा आतला कार्बनचा तुकडा झिजून नखाएवढा उरला होता.

भिंतीतून माती ओघळली. "तू बाहेर जा," तो म्हणाला.

"गप्प पडा!" तिने शेजारी पडलेल्या ड्रिल मशीनमधले कार्बन काढले. ते जाड होते. विटेवर घासून तिने ते ग्राइंडरमध्ये बसवले.

प्लग लावताच मशीन गरजलं. अँगल तुटताच तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं, आणि मागे भिंत धडाडून खाली आली.

"सुटलो गं," तो म्हणाला.

त्याचे पाय मांडीवर घेऊन शमीम तेव्हा कुठे किंचाळू लागली.